आठशे किलोमीटरवरचे प्रेक्षक

फुटबॉलची राष्ट्रीय लीग नागपूरला कधी आली नाही. 1996-97मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली, 2007मध्ये तिच्या जागी आय-लीग आली, 2014मध्ये इंडियन सुपर लीगचा झगमगाट सुरू झाला. तिन्हींच्या वरच्या श्रेणीत नागपूरचा एकही क्लब खेळलेला नाही. फुटबॉल मात्र इथे लीगच्या फार आधीपासून आहे. शेजारच्या कामठीची छावणी 1821ची. इंग्रज पलटणींबरोबर आलेला हा खेळ त्या गेल्या तरी इथेच राहिला. कामठीचा रब्बानी क्लब किंवा नागपूरचा यंग मुस्लिम ही नावं शहराच्या लीगमध्ये आजही वजनदार आहेत, आणि त्यांचा सामना असला की मैदानाच्या कडेला उभं राहणाऱ्यांना ऑफसाइड समजावून सांगावा लागत नाही. पण राष्ट्रीय लीग म्हटली की हाच जाणकार प्रेक्षक निमूटपणे टीव्हीसमोर बसतो.

म्हणूनच 2020-21च्या सुपर लीगबद्दल इथून, नागपुरातून लिहावंसं वाटतं. करोनामुळे तो अख्खा हंगाम गोव्यात, बंद दरवाजांआड झाला. 11 संघ, 115 सामने आणि तीन मैदानं: मडगावचं फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी आणि वास्कोचं टिळक मैदान. खेळाडू हॉटेलांत कोंडलेले, स्टँड रिकामे, मैदानाच्या कडेला लावलेल्या पडद्यांवर घरबसल्या प्रेक्षकांचे चेहरे. मुंबई सिटी एफसीचा अंधेरीतला पाठीराखाही आपल्या संघापासून तेवढाच लांब होता, जेवढा सीताबर्डीतला माणूस नेहमीच असतो. त्या हंगामात मुंबईकरही नागपूरकर झाला म्हणा ना.

आणि नेमक्या त्याच हंगामात मुंबईने लीगही जिंकली आणि चषकही. 2014पासून लीगमध्ये असलेल्या या क्लबची ती पहिलीच कमाई.

खरं तर त्या संघात मुंबईपेक्षा गोवाच जास्त होता. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आदल्या हंगामापर्यंत एफसी गोवाचे. संघ अग्रस्थानाच्या शर्यतीत असताना जानेवारी 2020च्या अखेरीस गोव्याने त्यांना काढलं, आणि गंमत अशी की साखळीत पहिला येण्याचा मान, म्हणजे लीग शील्ड, गोव्याने त्यांच्याविना मिळवला. लोबेरा मुंबईला आले ते एकटे नाहीत. मोरोक्कोचा मध्यरक्षक अहमद जाहू, सेनेगलचा उंचापुरा बचावपटू मुर्तादा फॉल, चेंडू पायात आला की समोरच्याला गोंधळात टाकणारा ह्यूगो बुमू आणि डाव्या बगलेवरचा मंदार राव देसाई हे सगळे त्यांच्यामागोमाग मुंबईत दाखल झाले. क्लबचे 65 टक्के समभाग 2019च्या अखेरीस मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, सिटी फुटबॉल ग्रुपने घेतलेले होते. तेव्हा मालक मँचेस्टरचे, घडण गोव्याची, जर्सी मुंबईची आणि मैदान पुन्हा गोव्याचं.

सुरुवात वाईट झाली. 21 नोव्हेंबरला नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध जाहूला पूर्वार्धातच लाल कार्ड मिळालं, उत्तरार्धात क्वेसी अपियाने पेनल्टी मारली आणि मुंबई 0-1ने हरली. चारच दिवसांनी गोव्याविरुद्ध भरपाई वेळेत अॅडम ल फाँड्रची पेनल्टी आत गेली आणि 1-0. तिथून गाडी सुटली ती सलग 12 सामने न हरता जानेवारीच्या अखेरीपर्यंत.

थांबवली तीही नॉर्थईस्टनेच. पण आता त्यांच्या बाकावर वेगळा माणूस होता. परदेशी प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यावर निरोप देऊन क्लबने खालिद जमील यांच्याकडे तात्पुरता कारभार सोपवला होता. जमील म्हणजे मुंबईच्या मैदानांवरचा माणूस: महिंद्रा युनायटेडचे जुने खेळाडू, नंतर मुंबई एफसीचे प्रशिक्षक, आणि 2016-17मध्ये मिझोरमच्या आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून देणारे. 30 जानेवारीला त्यांच्या संघाने मुंबईला 2-1ने हरवलं, आणि पुढे हंगामातला साखळीचा एकही सामना न गमावता बाद फेरी गाठली. सुपर लीगमध्ये बाद फेरी गाठणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक. मुंबईचा क्लब परदेशी प्रशिक्षकाच्या हाती आणि मुंबईत घडलेला प्रशिक्षक गुवाहाटीच्या क्लबकडे, यातून लीगच्या कारभाराबद्दल बरंच काही कळतं.

फेब्रुवारीत मुंबई डळमळली. गोव्याविरुद्ध 3-3, तोही भरपाई वेळेत ईशान पंडिताने बरोबरी साधलेला. मग बेंगळुरूकडून 2-4, जमशेदपूरकडून 0-2. शील्ड एटीके मोहन बागानच्या हातात गेल्यासारखीच होती. 24 तारखेला मुंबईने ओडिशाचा 6-1 असा फडशा पाडला. त्यात मणिपूरच्या बिपिन सिंगची हॅटट्रिक. तरीही शेवटच्या सामन्याआधी मोहन बागानचे 40 गुण होते, मुंबईचे 37, आणि 28 फेब्रुवारीला गाठ पडणार होती ती याच दोघांची. बागानला बरोबरी पुरेशी होती.

तो रविवार होता. रुग्णसंख्या पुन्हा चढू लागल्याने नागपुरात शनिवार-रविवार बाजार बंद ठेवण्याचा आदेश नुकताच निघालेला. इतवारीपासून सदरपर्यंत शटर खाली. सामना बघायला यापेक्षा मोकळी संध्याकाळ मिळणं कठीण. सातव्या मिनिटाला फॉलने हेडर मारला, 39व्या मिनिटाला बार्थोलोम्यू ओगबेचेने दुसरा गोल केला आणि 2-0वर सामना संपला. दोघांचे 40 गुण, दोघांचे 12 विजय, 4 बरोबऱ्या, 4 पराभव. मुंबईचे गोल 35, बागानचे 28. पण निकाल गोलांवर लागला नाही. आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते (जानेवारीतला 1-0 हाही ओगबेचेच्याच गोलावर), म्हणून शील्ड मुंबईची आणि तिच्यासोबत एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीचं तिकीटही.

उपांत्य फेरीत पुन्हा गोवा. पहिला सामना 2-2, दुसरा 120 मिनिटं खेळूनही 0-0. पेनल्टी शूटआउटच्या तोंडावर दोन्ही प्रशिक्षकांनी आपापले गोलरक्षक बदलले. मुंबईने कर्णधार अमरिंदर सिंगला बाहेर बोलावून फुर्बा लाचेन्पाला उभं केलं. काही मिनिटांच्या कसोटीसाठी वेगळा माणूस, हा हिशेब मला आजही थोडा जुगारी वाटतो. पण 6-5ने तो लागला.

13 मार्च, अंतिम सामना, फातोर्डा. दोनच दिवसांपूर्वी नागपुरात 15 ते 21 मार्चची कडक टाळेबंदी जाहीर झालेली, त्यामुळे इथे किराणा भरण्याची घाई. तिकडे 18व्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने बागानला पुढे नेलं. 29व्या मिनिटाला जाहूचा लांब चेंडू परतवताना बागानचा बचावपटू तिरी याचं डोकं लागून चेंडू त्याच्याच जाळ्यात. मध्यंतराआधी मुंबईचा अमेय रानवडे डोक्याला मार लागून कोसळला आणि त्याला रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यावं लागलं. मुंबईत वाढलेला हा मराठी मुलगा. सामना एकदम गप्प झाला. प्रकृती स्थिर असल्याचं नंतर कळलं. 90व्या मिनिटाला बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे धावला, चेंडू ओगबेचेकडून बिपिनकडे आला आणि 2-1. हंगामातला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून त्या रात्री गोल्डन ग्लोव्ह मिळाला तो अरिंदमलाच.

महाराष्ट्राच्या संघाने देशातली सर्वोच्च लीग जिंकण्याची ही पहिली वेळ नव्हती, हे त्या रात्री फारसं कुणाला आठवलं नाही. 2005-06मध्ये महिंद्रा युनायटेड नॅशनल लीगचा विजेता होता. कूपरेजचं मैदान, प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा, आघाडीला होजे बरेटो आणि घानाचा युसिफ याकुबू, सोबत स्टीव्हन डायस, महेश गवळी. त्याच हंगामात फेडरेशन कपही त्यांनी उचलला. 1962 साली कंपनीचा संघ म्हणून सुरू झालेला हा क्लब 2010मध्ये बंद झाला. मैदानावर हरून नव्हे, कंपनीने ठरवलं म्हणून. पुढे पुणे एफसी गेला, एकच हंगाम खेळून भारत एफसी गेला, 2017मध्ये खालच्या श्रेणीत घसरून मुंबई एफसी गेला, आणि 2019मध्ये एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादने घेतली. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला निदान गमावायला क्लब तरी होते.

नागपुरात याच वर्षांत वेगळंच काही चाललं होतं. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001मध्ये वस्तीतल्या पोरांना पावसात तुटकी बादली लाथाडताना पाहिलं आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्याचंच पुढे स्लम सॉकर झालं. त्यातला अखिलेश पॉल 2010मध्ये रिओला बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. 2016मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार या संस्थेला मिळाला. 2022च्या मार्चमध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला, बारसेंच्या भूमिकेत अमिताभ बच्चन, आणि देशाला नागपूरचा फुटबॉल एकाएकी दिसला. चित्रपट मला आवडला. पण नागपुरात फुटबॉल जणू बादलीपासून सुरू झाला, असं जे त्यानंतर बोललं जाऊ लागलं ते कामठीच्या म्हाताऱ्या खेळाडूंनी हसण्यावारी नेलं असेल. आणि दुसरं असं की बारसेंचा खेळ मुद्दामच वेगळा आहे: लहान संघ, लहान जागा, जिंकण्यापेक्षा पोराचं व्यसन सुटणं मोठं. लीगला लागतात वयोगटाचे संघ, निवासी अकादमी, वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा. बिपिन सिंग मणिपूरहून शिलाँग लाजाँगमार्गे वर आला. त्याच्यासाठी ईशान्येत तशी वाट तयार होती. विदर्भातल्या पोराला घराजवळ राष्ट्रीय लीगचा असा क्लबच नाही.

मुंबईचा तो संघ पुढच्या हंगामाआधीच विस्कटला. बुमू आणि अमरिंदर थेट मोहन बागानकडे गेले, लोबेरा चीनला. पुढचा हंगामही गोव्यातच झाला आणि मुंबई पाचवी आली. मात्र एप्रिल 2022मध्ये रियाधला याच क्लबने इराकच्या अल कुवा अल जाविया संघाला 2-1ने हरवलं. चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. खालिद जमील 2025च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

ऑक्टोबर 2022पासून लीग पुन्हा आपापल्या शहरांत गेली आणि अंधेरीचा प्रेक्षक अंधेरीच्या स्टँडमध्ये बसू लागला. मुंबईने त्या हंगामात शील्ड परत मिळवली. नागपूरहून कुणी जायचं ठरवलंच, तर संध्याकाळी साडेसातचा सामना संपेपर्यंत सीएसएमटीहून विदर्भ एक्स्प्रेस आणि दुरांतो, दोन्ही सुटलेल्या असतात. मुक्कामाची सोय आधी बघून ठेवावी.