पंख्यावर चाल करून जाणारी गाडी

टेबलफॅनसमोर शीड लावलेली खेळण्यातली गाडी ठेवली, तर ती कुठे जाईल? मागे! यात काय विचारायचं? पण आज तिला पंख्याकडेच पाठवायचं आहे. हाताने न ढकलता.

घर्षण कमी असलेली, हलकी, सरळ धावणारी गाडी निवडा. मागे खेचायची, चावीची किंवा बॅटरीची नको. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचं शीड कापून काडीला चिकटवा आणि काडी गाडीवर मातीच्या गोळ्यात उभी करा. गाडी उलटत असेल तर माती वाढवा.

आता कोनमापक काढा. (कंपासपेटीत तो बिचारा वर्षभर झोपलेला असतो.) पंखा गाडीच्या अगदी नाकासमोर नको. नाकापासून उजवीकडे साधारण पन्नास अंशांवर, जरा लांब ठेवा. शीड आधी गाडीच्या लांबीच्या रेषेत धरा, मग त्याची पुढची कड उजवीकडे पंचवीस अंश वळवा, म्हणजे मागची कड आपोआप डावीकडे जाईल. पंखा जोरात लावा. हलली नाही तर एक हलकी टिचकी चालेल, पण एकच हं! गाडी पुढे निघते. वाऱ्याच्या उगमाच्या जवळ जवळ!

आता तेच शीड, त्याच कोनात, एका सपाट ताटलीवर उभं करा आणि ताटलीखाली गोट्या ठेवा. पंखा लावा. ताटली बाजूला सरकते, भरकटते, गोल फिरते. पुढे जाण्याचं नाव नाही. वारा तोच, शीड तेच. मग गाडीकडे जास्तीचं काय आहे?

चाकं! वारा शिडावर आपटून वळतो आणि शिडाला रेटतो. तो रेटा बराचसा डावीकडे असतो आणि थोडासा पुढे. गोट्या कुठेही लोळतात, म्हणून ताटली डावीकडे जाते. चाकं मात्र आडवी घसरायला तयार नसतात. डावीकडचा रेटा ती अडवतात. पुढचा थोडासा उरतो आणि त्यावरच गाडी धावते. सीताफळाची ओली बी दोन बोटांत दाबून पाहा. बोटं दाबतात आडवी, बी मात्र सुळ्ळकन पुढे उडते.

समुद्रात चाकं कुठली? तिथे शिडाच्या बोटीच्या पोटाखाली पाण्यात उतरलेली उभी पाती हे काम करते. तिला कील म्हणतात. रुंद पातीला आडवं सरकायचं तर ढीगभर पाणी ढकलावं लागतं, पुढे मात्र ती पाणी चिरत जाते. शिवाय अनेक बोटींत तिच्या तळाला जड शिसं असतं, म्हणजे तुमच्या मातीच्या गोळ्याचंही काम झालं.

२००९-१० मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकटेच मुंबईहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. एवढ्या प्रवासात वारा नेहमी पाठीशीच थोडा असणार?

अगदी नाकासमोरून वारा आला, तर मात्र कुणाचंच चालत नाही. शीड नुसतं फडफडतं. मग खलाशी थोडं उजवीकडून, थोडं डावीकडून, नागमोडी जातात आणि प्रत्येक वळणावर शीड दुसऱ्या बाजूला घेतात. साधारण बोट वाऱ्याच्या पंचेचाळीस अंशांपर्यंत जाऊ शकते. तुमची गाडी किती? पंखा हळूहळू नाकाकडे आणत जा आणि ती कुठल्या अंशावर हटून बसते ते वहीत लिहा. मग शीड पुठ्ठ्याऐवजी पातळ प्लास्टिकचं, किंचित फुगीर करून पुन्हा मोजा.