प्राण्याची पाटी कोरी नसते

खूण दाखवायची, लगेच खाऊ द्यायचा, असं पुरेशा वेळा केलं की कुठलाही प्राणी शिकतोच: पाव्लॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट ऐकून बहुतेकांची हीच समजूत होते. पण प्राण्याच्या गाठीशी आधीचा अनुभव असतो आणि नवं शिकणं त्यावर फार अवलंबून असतं.

गैरसमज: ओळखीची खूण लवकर शिकता येते.

उलट ती उशिरा शिकली जाते. अमेरिकेत रॉबर्ट लुबो आणि ए. यू. मूर यांनी मेंढ्या-शेळ्यांवर केलेला प्रयोग १९५९ साली प्रसिद्ध झाला. जनावरांना एक खूण आधी नुसतीच दाखवली; तिच्यामागून काहीच घडलं नाही. पुढे त्याच खुणेनंतर पायाला विजेचा झटका बसू लागला. तरी हा इशारा आहे हे उमगायला त्यांना नव्या खुणेपेक्षा जास्त वेळ लागला. या परिणामाला ‘लेटंट इनहिबिशन’ म्हणतात.

गैरसमज: दोन गोष्टी वारंवार लागोपाठ घडल्या की त्यांची सांगड बसतेच.

हा समज मोडला लिऑन कामिन यांनी, १९६०च्या दशकात, आणि तो प्रयोग मला अजूनही विलक्षण वाटतो. उंदीर खाण्यासाठी दांडी दाबत असत. भीती वाटली की दाबणं थांबे. काही उंदरांना आधी आवाजानंतर झटका दिला. आवाजाची धास्ती पक्की झाल्यावर आवाज आणि दिवा एकत्र, मग झटका. शेवटी नुसता दिवा लावला, तर उंदीर जवळजवळ बिनघोर! ज्यांना आवाजाचा पूर्वानुभव नव्हता, ते मात्र त्याच दिव्याला घाबरले. दिवा आणि झटका यांची जोडी दोघांनीही सारखीच अनुभवली होती. पण पहिल्या गटाला झटक्याची वर्दी आवाजानेच मिळत होती. दिव्याने नवं काही सांगितलंच नाही. अनपेक्षित घडतं तेव्हाच शिकणं होतं, हे सूत्र रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी १९७२ मध्ये गणितात मांडलं.

गैरसमज: अटळ त्रास भोगलेला प्राणी हातपाय गाळतोच.

सेलिगमन आणि मायर यांच्या १९६७च्या प्रयोगात अटळ झटके बसलेल्या अनेक कुत्र्यांनी ते गाळले. पण ज्यांना त्याआधी झटका स्वतः बंद करता आला होता, ते नंतर अटळ झटके बसूनही सुटकेची धडपड करत राहिले.

घरचा कुत्रा ‘बस’ म्हटल्यावर बसत नसेल, तर त्याला मठ्ठ ठरवू नका. तो शब्द त्याने कदाचित शेकडो वेळा उगाचच ऐकलेला असतो. त्याने कधीच न ऐकलेला शब्द निवडा आणि तो बसला की लगेच खाऊ द्या.