चिमणीची पेटी केव्हा साफ करावी?

वाशी, नेरूळ किंवा बेलापूरच्या एखाद्या वसाहतीतून फेरफटका मारलात, तर बाल्कनीच्या जाळीला टांगलेली लहानशी लाकडी पेटी तुम्हाला कोठे ना कोठे दिसेलच. जुन्या कौलारू घरात चिमणीला वाशांमधील खोबण मिळे, भिंतीवरच्या तसबिरीमागची फट मिळे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे खाडीपलीकडे जे नवे शहर उभे राहिले, ते मुख्यतः काँक्रीटचे. त्याच्या गुळगुळीत भिंतींत फटी कोठून असणार? म्हणून ही पेटी. ती टांगण्याचा उत्साह पुष्कळांना असतो. पहिली पिले उडून गेली की मात्र प्रश्न पडतो : आतल्या त्या काडीकचऱ्याचे आता काय करावयाचे?

प्रथम पेटीत घाण होते ती कशी, हे पाहू. चिमणी काही अस्वच्छ पक्षी नव्हे. लहान पिलांची विष्ठा एका चिकट पातळ आवरणात, जणू इवल्याशा पिशवीत बांधलेली बाहेर पडते आणि आईबाप ती चोचीत धरून दूर नेऊन टाकतात. पिले उडावयास आली की हे काम ढिले पडते, आणि शेवटच्या दिवसांत गवत, पिसे व विष्ठा यांचा थर पेटीच्या तळाशी साचतो. आमच्या पावसाळ्यात हा थर ओल धरतो आणि त्यावर बुरशी वाढते.

याहून त्रासदायक असतात ते घरट्यातील माइट. कोळ्याच्या कुळातील हे आठ पायांचे जीव टाचणीच्या टोकाएवढे असतात आणि पक्ष्यांचे रक्त शोषून जगतात. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास त्यांना जेमतेम आठवडा पुरतो. पिले मात्र सुमारे दोन आठवडे घरट्यात असतात; म्हणजे तेवढ्यात माइटच्या एकाहून अधिक पिढ्या होऊ शकतात. पिले उडाली की भुकेले माइट भक्ष्य शोधत बाहेर पडतात. बाल्कनीतून घरात शिरून ते माणसांनाही चावतात, अंगाला खाज सुटते, आणि मग घरातील मंडळी पेटीच काढून टाकावयास निघतात! वास्तविक हे माइट माणसाच्या अंगावर वस्ती करू शकत नाहीत.

या शत्रूवर पक्ष्यांनी आपल्या परीने उपाय शोधलेले दिसतात. कोलकात्यातील चिमण्या घरट्यात कडुनिंबाची ताजी पाने आणून ठेवतात, हे निरीक्षण १९८१ साली प्रसिद्ध झाले. कडुनिंबात कीटकांना नकोशी असणारी द्रव्ये असतात, हे आपण धान्याच्या कोठीत पाला घालताना जाणतोच. मेक्सिको शहरात तर चिमण्या व फिंच पक्षी घरट्यात सिगारेटची थोटके विणतात. २०१३ साली तेथील संशोधकांना असे आढळले की, थोटकांतील तंतू जितके अधिक, तितके परजीवी कमी. परंतु पुढे फिंच पक्ष्यांच्या पिलांच्या रक्तपेशींना या थोटकांमुळे इजा होते, असेही दिसून आले. म्हणून पेटीत डांबराच्या गोळ्या किंवा कीटकनाशकाचा फवारा कधीही वापरू नये. बंद पेटीतील विष किडीपुरतेच राहत नाही.

आता मुख्य प्रश्न, केव्हा? ब्रिटनमधील पुस्तके सांगतात, विणीचा हंगाम संपल्यावर, शरद ऋतूत पेटी साफ करा. तेथे हिवाळ्याच्या तोंडावर घरटी रिकामी होतात, तेव्हा हा सल्ला तेथे योग्यच आहे. आपल्याकडे बागेतील दयाळालाही असा नियम लावता येईल, कारण त्याची वीण साधारणपणे मार्च ते जुलै या काळात होते. चिमणीची गोष्ट निराळी. भारतात ती जवळजवळ वर्षभर वीण घालू शकते. एक पिढी उडाली की त्याच घरट्याची थोडी डागडुजी करून काही दिवसांतच मादी पुन्हा अंडी घालते. दिनदर्शिका पाहून ऑक्टोबरच्या एखाद्या रविवारी पेटी उघडावी आणि आत चार अंडी असावीत, असे सहज घडू शकते. तेव्हा महिना विचारावयाचा तो पंचांगाला नव्हे, चिमणीलाच.

ते कसे? सकाळी अर्धा तास पेटीवर नजर ठेवा आणि वहीत टिपण करा. चोचीत किडा घेऊन पक्षी आत गेला, तर आत पिले आहेत. लहान पिलांना मुख्यतः किडेच भरवतात. गवताची काडी वा पीस नेले, तर घरटे बांधणे किंवा डागडुजी चालू आहे. कोणीच जाताना दिसले नाही, तरी घाई नको. अंडी सुमारे अकरा ते चौदा दिवस उबवली जातात आणि त्या काळात पक्षी फारसा दिसत नाही; शिवाय रात्री मुक्कामाला तो पेटीत येतो. म्हणून माझ्या मते निदान दोन आठवडे ही टेहळणी करावी. सकाळ-संध्याकाळ काहीच हालचाल नाही अशी खात्री झाली, तरच झाकण उघडावे. आत अंडी दिसली तर तसेच मिटवून बाजूला व्हावे. मग थोडे माइट चावले तरी सोसावे.

दर वेळी जुने घरटे काढलेच पाहिजे काय? याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. १९८९ साली मोलर या डॅनिश संशोधकाने एक मार्मिक मुद्दा मांडला : अभ्यासक दरवर्षी पेट्या झाडून ठेवतात, त्यामुळे परजीवींचा पक्ष्यांवर होणारा खरा परिणाम त्यांना दिसतच नाही. निसर्गातील ढोलीत कोण झाडू मारतो? परंतु आपली पेटी ही ढोली नव्हे. ती लहान असते, तिच्यात थरावर थर चढून तळ दाराजवळ येतो, आणि मांजराच्या पंजाला किंवा कावळ्याच्या चोचीला पिले सापडतात. तेवढ्यासाठी तरी वर्षातून एकदा संधी साधावी.

पेटी प्रथम बोटाने वाजवून पाहा. आत गांधीलमाश्यांनी पोळे केलेले असू शकते. नाकातोंडावर रुमाल बांधा, हातमोजे घाला आणि घरटे काढण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडा. सुक्या विष्ठेच्या धुळीतून रोगजंतू व बुरशीचे बीजकण श्वासात जातात, म्हणून ही खबरदारी. काढलेले घरटे लगेच पिशवीत बांधून टाकावे. बाल्कनीत ठेवले तर माइट तेथेच राहतील. मग पेटीत उकळते पाणी ओता, फटी जुन्या ब्रशाने घासा आणि पेटी उन्हात वाळवा. साबणाची गरज नाही. उकळते पाणी ओतताना मोठ्या माणसाची मदत घ्या. प्लायवूडच्या पेटीचे थर पाण्याने सुटतात. ती ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस कडक उन्हात ठेवावी.

आणि झाकणच उघडत नसेल तर? बाजारात अशा खिळ्यांनी ठोकलेल्या, रंगीबेरंगी पेट्या पुष्कळ मिळतात. शाळेच्या कार्यशाळेत एक बाजू मोकळी करून तेथे बिजागरी बसवा, तळाला पाणी निथळण्यापुरती दोन छिद्रे पाडा. दारासमोरची शोभेची काडी कापून टाकली तरी चालेल. चिमणीला तिची गरज नसते. दार सुमारे ३२ मिलिमीटरचे असावे, म्हणजे साळुंकी आत शिरणार नाही. पेटी कोरडी झाली की तिच्या मूळच्या जागीच टांगा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहून ठेवा.