जुना बॅटरी चार्जर : उघडायचा की बदलायचा?

गॅरेजमधला जुना चार्जर बंद पडला की मालक आधी विचारतो, दुरुस्तीला किती लागतील? पैशांचा प्रश्न खराच, पण त्याच्याही आधी दुसरा एक विचारायला हवा: या चार्जरवर तुम्ही कोणत्या बॅटऱ्या लावता? चार्जर ठेवायचा की काढायचा हे त्याच्या वयावर ठरत नाही, त्याच्यासमोर येणाऱ्या बॅटरीवर ठरते. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात येणाऱ्या बॅटऱ्यांची तऱ्हा बरीच बदलली आहे.

समोर काय येते

इथल्या गॅरेजचे जुने गिऱ्हाईक म्हणजे ट्रॅक्टर, जीप आणि काळी-पिवळी. धानपट्ट्यात रोवणीच्या वेळी ट्रॅक्टर दिवसरात्र चिखलात असतो. ती आटोपली की कित्येक ट्रॅक्टर मळणीपर्यंत उभेच. उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी आपोआप उतरते, प्लेटांवर सल्फेट बसते आणि दिवाळीच्या सुमारास ती डोक्यावर घेऊन कोणीतरी गॅरेजात येतो.

दुसरे गिऱ्हाईक झटका मशीनचे. रानडुकरांपासून धान आणि तूर राखण्यासाठी बांधावर तारेचे सौरकुंपण असते, त्याला बारा व्होल्टची बॅटरी लागते. वनालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशी कुंपणे मिळाली, काहींनी स्वखर्चाने लावली. श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हा पॅनेल बॅटरी भरू शकत नाही, आणि ती गॅरेजात येते. (बॅटरी उतरली म्हणून तारेला थेट घरातली लाईन जोडणारे महाभाग आहेत. त्याने डुकरे मरतात, वाघ मरतात आणि माणसेही. तो गुन्हा आहे. झटका मशीनचा झटका क्षणभराचा असतो, लाईनचा तसा नसतो.)

याशिवाय इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या, मोटारसायकलच्या सीलबंद बॅटऱ्या आणि शहरात ई-रिक्षाचे चार-चारचे संच.

पेटीत असते काय

जुन्या चार्जरमध्ये लपवण्यासारखे काही नसते. २३० व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या वायंडिंगमधून काढलेले टॅप, ते निवडणारा फिरता स्विच, एसीचे डीसी करणारे डायोड, एक फ्यूज, एक अँपिअर मीटर आणि दोन चिमटे. बस. बॅटरी भरली की थांबायचे हे त्याला कळत नाही. ते मेकॅनिकला कळायला हवे.

हा साधेपणा या भागात मोठा गुण आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. कार्ड जळालेला नवा इलेक्ट्रॉनिक चार्जर अशा वेळी नागपूरला पाठवायचा कसा? जुन्या पेटीतला डायोड मात्र आलापल्लीतही बदलता येतो.

व्होल्टेज थोडे, करंट फार

चंद्रपूरच्या ऊर्जानगरला २९२० मेगावॉटचे महानिर्मितीचे सर्वात मोठे औष्णिक केंद्र आहे. तरी फीडरच्या शेवटच्या टोकाच्या गावात कृषिपंप सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो. जुन्या चार्जरवर याचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा कितीतरी मोठा होतो.

सोपा हिशेब बघा. चार्जर आतून १६ व्होल्ट देतो, बॅटरी १३ व्होल्टवर आहे, वाटेतला एकूण रोध ०.३ ओहम. फरक तीन व्होल्टचा, म्हणून करंट दहा अँपिअर. आता लाईन दहा टक्के पडली. १६ चे १४.४ झाले, फरक उरला १.४ व्होल्ट आणि करंट पाचच्याही खाली आला. लाईन दहा टक्के चढली तर १७.६ होतात, फरक ४.६ आणि करंट पंधरा अँपिअर. लाईनमध्ये दहा टक्क्यांचा फरक, बॅटरीत जाणाऱ्या करंटमध्ये पन्नास टक्क्यांचा.

म्हणूनच संध्याकाळी सहा अँपिअरवर लावून ठेवलेली बॅटरी पहाटे उकळताना सापडते. रात्री अकरानंतर गावाचा लोड उतरतो, व्होल्टेज चढते, आणि चार्जरला अडवायला कोणी जागे नसते. असा चार्जर रात्रभर लावून घरी जाऊ नये. दुरुस्ती कितीही चांगली झाली तरी हा दोष जात नाही. तो बिघाड नाही, त्या चार्जरची रचनाच तशी आहे.

बिघाड शोधताना

प्लग काढा, चिमटे बॅटरीवरून काढा, मगच पेटी उघडा. आत बहुधा कोळ्यांची जाळी, पालीची अंडी आणि पावसाळ्यात मुंग्यांची वसाहत सापडते. ब्रशने साफ करा. निम्मे रोग इथेच दिसतात.

सुरुवात चिमट्यांपासून करावी, कारण मेकॅनिक तिथे सर्वात शेवटी पोचतो. आम्लाच्या वाफेने चिमटे आणि केबलची टोके पांढरी-हिरवी होतात, तांब्याचे धागे आतल्या आत कुजतात आणि मीटर दोन अँपिअरच्या वर जात नाही. टोक कापून नवा लग लावला की चार्जर ‘दुरुस्त’ होतो. पाच मिनिटांचे काम.

त्यानंतर डायोड. मीटर नेहमीच्या निम्म्यावर अडकला आणि गुणगुण बदलली, तर दोनपैकी एक डायोड उघडा पडला असे समजा. फ्यूज लावताक्षणी उडतो, तर डायोड शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. मल्टिमीटर असेल तर डायोडच्या खुणेवर ठेवून तपासा: एका दिशेने ०.४ ते ०.७ च्या आसपास आकडा यावा, उलट्या दिशेने काहीच येऊ नये. जोडलेल्या अवस्थेत ट्रान्सफॉर्मरमधून वाट मिळते आणि आकडा फसवतो, म्हणून एक टोक सोडवूनच तपासा.

मल्टिमीटर नसेल तरी अडत नाही. चार्जरचा प्लग भिंतीतून काढलेला ठेवा. लाल चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला बारा व्होल्टच्या इंडिकेटर बल्बमधून जोडा, काळा सरळ निगेटिव्हला. डायोड धड असतील तर बल्ब पेटणार नाही. पेटला तर बॅटरी उलट चार्जरमध्ये रिकामी होते आहे. लाईन वारंवार जाणाऱ्या गावात ही तपासणी महत्त्वाची, कारण लाईन गेल्यावर असा चार्जर भरलेली बॅटरीच पिऊन टाकतो.

नवा डायोड घेताना एक गोष्ट पाहा. बोल्टसारखे पेच असलेले डायोड दोन प्रकारचे येतात आणि दिसायला सारखेच असतात, फक्त अंगावरचा बाण उलट असतो. बाण जुळवूनच घ्या. त्यापेक्षा ३५ अँपिअरचा चौकोनी ब्रिज मिळतो तो सोयीचा, पण दोन डायोडांच्या सेंटर टॅप जोडणीत तो कसा बसवायचा हे कळत असेल तरच. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, मध्ये उष्णतावाहक पेस्ट लावून, घट्ट आवळा. सैल बसवलेला डायोड दोन दिवसांत पुन्हा उडतो.

निवडीचा स्विच काळा पडला असेल तर घासून थोडे दिवस चालतो. नवा टाकलेला बरा. अँपिअर मीटर अडकला असेल तर तो आधी बदला. मीटरविना हा चार्जर चालवणे म्हणजे डोळे बांधून ट्रॅक्टर हाकणे.

काळ्या-करड्या चकत्यांचा चार्जर

फार जुन्या पेट्यांमध्ये डायोडच्या जागी एका दांड्यावर ओवलेल्या चौकोनी चकत्यांची रांग दिसते. तो सेलेनियम रेक्टिफायर. जळाला की कुजक्या मुळ्यासारखा उग्र वास येतो. तो धूर विषारी आहे. पेटी बंद करून बाहेर या.

त्याच्या जागी सिलिकॉन डायोड खुशाल बसवता येतात, पण एक सावधगिरी हवी. जुन्या सेलेनियममध्ये व्होल्टेज बरेच पडते, सिलिकॉनमध्ये कमी. त्यामुळे त्याच टॅपवर आता करंट जास्त येतो. दुरुस्तीनंतर सर्वात खालच्या टॅपपासून सुरू करा आणि स्विचच्या खुणा नव्याने लिहून ठेवा.

वायंडिंग

दुरुस्तीनंतर पेटी एकदम लाईनला लावू नये. जुना शंभर वॉटचा तारेचा बल्ब लाईनच्या सिरीजमध्ये घालून लावा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बॅटरी न जोडता बल्ब मंद राहिला किंवा विझलेलाच राहिला तर ठीक. भर्रकन पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे.

वायंडिंग ओलसर झाले असेल तर दोन दिवस उन्हात किंवा पेटत्या बल्बाजवळ सुकवून पाहावे. जळकट वास येत असेल, लाख काळी पडली असेल, तर वायंडिंग पुन्हा बांधावे लागेल. कृषिपंपांमुळे मोटार बांधणारा कारागीर तालुक्याच्या ठिकाणी असतोच, त्याच्याकडून होते. तार तांब्याची घालणार की ॲल्युमिनियमची, हे आधी ठरवून घ्या. वळणे, तारेची जाडी आणि टॅप जुन्याप्रमाणे मोजून लिहून घ्यायला सांगा. तांब्याचा भाव धरता लहान चार्जरला हा खर्च परवडत नाही. आठ-दहा बॅटऱ्या सिरीजमध्ये भरणारी मोठी पेटी असेल तर परवडतो.

सिरीजचा विषय निघालाच आहे तर: सगळ्यांमधून करंट एकच जातो, म्हणून मोठी ट्रॅक्टरची आणि छोटी झटका मशीनची बॅटरी एका माळेत लावू नये. छोटी उकळते, मोठी उपाशी राहते.

चंद्रपूरचा मे महिना

चार्जरवरची पुस्तके २५ अंश तापमान धरून लिहिलेली असतात. चंद्रपुरात मे महिन्यात सावलीत ४५ ओलांडते, पत्र्याच्या शेडखाली त्याहून अधिक. बॅटरी तापली की भरण्याचे व्होल्टेज कमी ठेवावे लागते: बारा व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्ट. २५ अंशांना १४.४ ठीक असेल तर ४५ अंशांना १३.९ पुरे. अर्धा व्होल्ट म्हणजे वर मांडलेल्या हिशेबात दीड अँपिअरहून जास्त.

तेव्हा उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री समोर बसून करा, एक टॅप खाली ठेवा, आणि बॅटरीचे अंग हाताला चटका देऊ लागले की बंद करा. करंट किती, तर बॅटरीच्या अँपिअर-अवरचा दहावा भाग: शंभरच्या बॅटरीला दहा, साठला सहा. हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी पाहा. दोन तासांत तीन वेळा तीच आली तर बॅटरी भरली. आकडा खाली असला तरी आणखी भरून उपयोग नाही.

वर घालायचे पाणी डिस्टिल्डच. या जिल्ह्यांतले बोअरचे पाणी क्षार आणि लोहाने भरलेले असते, काही गावांत फ्लोराइडही. ते प्लेटा खाते.

नवा कधी घ्यावा

सीलबंद बॅटरीत उडालेले पाणी परत घालता येत नाही. तिला जुन्या पेटीवर लावणे म्हणजे आयुष्य कापणे. मोटारसायकलची चार-पाच अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्या अँपिअरवर भरायची असते, आणि जुन्या पेटीची पहिलीच पायरी बहुधा पाचची. काही मेकॅनिक मध्ये २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब सिरीजमध्ये घालतात. युक्ती खरी आहे, करंट अँपिअरच्या आसपास रोखला जातो, पण थांबायचे भान तिथेही माणसालाच ठेवावे लागते. लिथियमच्या बॅटरीला मात्र जुना चार्जर कोणत्याही युक्तीने लावू नका. आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांची बॅटरी गाडीत जोडलेली असताना तर नाहीच. गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स बॅटरीपेक्षा कितीतरी महाग आहे.

अशा बॅटऱ्या रोज येत असतील तर व्होल्टेज धरून ठेवणारा, स्वतः थांबणारा चार्जर घ्या. घेताना डब्यावरच्या रंगीत दिव्यांपेक्षा इनपुटचा पल्ला वाचा. १४०-१५० व्होल्टपासून चालणारा हवा, नाहीतर एटापल्लीकडे तो अर्धा दिवस बंदच राहील. उलटे चिमटे लावले तर वाचेल का, तापमानाचा सेन्सर आहे का, आणि दुकानदार दुरुस्ती कुठे करून देणार, हेही विचारा.

तरी जुनी पेटी भंगारात घालायची घाई करू नये. पुष्कळ नवे चार्जर अगदी उतरलेली बॅटरी ओळखतच नाहीत, ‘बॅटरी नाही’ असे दाखवून गप्प बसतात. उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी जुन्या पेटीवर तासभर उठवायची आणि मग नव्यावर लावायची, ही जोडी चांगली चालते. माझे मत विचाराल तर पाण्याच्या बॅटऱ्या ज्यांच्याकडे येतात त्या गॅरेजात दोन्ही असावेत.

वायू, आम्ल आणि अर्थिंग

बॅटरी भरत आली की हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. शेडचे दार उघडे ठेवा, बुचे सैल करा, विडी बाहेर. चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा, कारण ठिणगी नेमकी चिमट्यावर पडते. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल ओता, उलट कधीच नाही.

जुन्या चार्जरच्या तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन बहुतेक ठिकाणी तुटलेली असते. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभे राहून लोखंडी पेटीला हात लावणाऱ्याला याची किंमत कळते. दुरुस्तीत पहिले काम हे, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे दुसरे.

काढलेले सामान

मेलेली बॅटरी फोडून शिसे वितळवणे किंवा आम्ल नाल्यात सोडणे, दोन्ही बंद. शिशाचा धूर शेजारच्या पोरांच्या रक्तात जातो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेता ती घेतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीत वजावटही देतो. सेलेनियमच्या चकत्या घासू नका, जाळू नका, इलेक्ट्रॉनिक भंगार घेणाऱ्याला द्या. ट्रान्सफॉर्मर जळालेला असला तरी पेटी, चालू मीटर, फिरता स्विच आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या काढून ठेवा. पुढची पेटी दुरुस्तीला येईल तेव्हा लागतील.