मालमोटारीची ओढ आणि पंपाचा स्क्रू

मालमोटार चढावर दमू लागली, की मालकाचे लक्ष प्रथम डिझेलच्या पंपाकडे जाते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ साली असे पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास प्रारंभ केला. जुन्या मालमोटारींत आजही त्याच धाटणीचा पंप आढळतो.

डिझेल इंजिनाची शक्ती कमीअधिक होते ती डिझेलच्या मात्रेने. पंपातील प्रत्येक प्लंजरला तिरकस खाच असते. दातेरी पट्टी सरकली, की प्लंजर आपल्याभोवती फिरतो आणि दर खेपेस सिलिंडरमध्ये जाणारे डिझेल वाढते किंवा घटते. ही पट्टी कोठवर सरकावी, याची सीमा एका स्क्रूने बांधलेली असते. कारखाना त्यावर सील लावतो.

सील तोडून सीमा वाढविली, तर ताकद थोडी वाढते, हे खरे. परंतु एक किलो डिझेल पुरते जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते; प्रत्यक्षात त्याहूनही अधिक हवी. हवा तितकीच ठेवून डिझेल वाढविले, तर काळा धूर निघतो, इंजिन तापते आणि लांबच्या घाटात दट्ट्याचा माथा वितळण्याची पाळी येते. टर्बोचार्जर जादा हवा पुरवितो, म्हणून तेथे काही वाव असतो. मात्र क्लच आणि गिअरनाही तो भार पेलावा लागतो.

चुलीत लाकडे कोंबण्याआधी गृहिणी फुंकणी हाती घेते. मिस्त्रीनेही स्क्रूला हात लावण्यापूर्वी हवेची गाळणी साफ आहे की नाही, ते पाहावे. पुष्कळदा हरवलेली ओढ तेथेच सापडते.