सुमोची प्रदक्षिणा

स्पितीतल्या काजाच्या स्टँडवर पहाटे साडेपाचला बाबांनी एका जुन्या सुमोचं मागचं दार उघडलं, लावलं आणि कान देऊन ऐकलं. मग पुन्हा उघडून लावलं. ड्रायव्हर लगबगीने धावत आला. बाबांनी उभी हयात पिंपरीला टेल्कोत, बॉडी शॉपमध्ये काढली, हे त्याला कुठून ठाऊक असणार! दार चौकटीत नीट बसलंय की नाही, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत.

खरं तर बाबांना कैलासला जायचं होतं. पण २०१७ साली डोकलामच्या भारत-चीन तणावामुळे नथू ला खिंडीतली यात्रेची वाट बंद झाली होती. लिपुलेखची चालू होती, पण परिक्रमेतली ५,६३० मीटर उंचीची डोल्मा खिंड चालत ओलांडायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. (पुढे २०२०पासून पाच वर्षं यात्राच थांबली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा दोन्ही वाटा मिळून ७५० जागा होत्या.) बाबा काही बोलले नाहीत. मी मात्र नकाशा घेऊन बसलो आणि बोट सतलजवर थांबलं.

कैलास-मानसरोवराच्या परिसरातून निघालेली ही नदी पश्चिम तिबेटातून वाहत येते आणि शिपकी ला खिंडीपाशी किन्नौरमध्ये उतरते. खाबच्या पुलाजवळ तिला स्पिती नदी मिळते. सतलजच्या त्या वरच्या खोऱ्यात एके काळी गुगे नावाचं राज्य होतं. तिथला राजा येशे-ओ याने दहाव्या शतकाच्या अखेरीस बौद्ध धर्म नव्याने रुजवायला घेतला. रिंचेन झांगपो (९५८–१०५५) या विद्वानाने काश्मीरला जाऊन ग्रंथ आणले, भाषांतरं केली. तिकडे थोलिंगचा मठ उभा राहिला आणि इकडे, आजच्या हिमाचलातल्या स्पितीत, ९९६ साली ताबोचा. आज मध्ये सरहद्द आहे. मठ उभे राहिले तेव्हा दोन्हीकडे एकाच घराण्याचं राज्य होतं. म्हणून बाबांना मी ताबोला नेलं.

आपल्याकडची पोरं चाकणला तयार झालेल्या मोटारसायकलींवरून स्पितीला जातात, खिंडीतल्या पाटीपाशी फोटो काढतात आणि ताबोपाशी चहा पिऊन पुढे निघतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. तिथे निदान अर्धा दिवस तरी थांबायला हवं.

बाहेरून पाहिलं तर मातीच्या बसक्या भिंती, दुसरं काही नाही. आतल्या सभागृहात काळोख. डोळे सरावले की भिंतीच्या मध्यावर बसवलेल्या माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती एकेक करून पुढे येतात. जमिनीला टेकलेल्या नाहीत, भिंतीतूनच उगवल्यासारख्या. बाबा एका मूर्तीखाली बराच वेळ मान वर करून उभे होते. मला वाटलं, नमस्कार करताहेत. ते हळूच म्हणाले, "सांधा कुठे दिसत नाही रे." हजार वर्षांची ही माती १९७५च्या किन्नौर भूकंपातूनही टिकली. पण बाबांच्या तोंडून कुठल्याही कामाची त्या एका वाक्याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

काजाहून मनालीला शेअर सुमोने निघालो. पुढे दोन, मध्ये चार, मागे चार. टपावर सामान आणि वाटाण्याची पोती. बाबांच्या टेल्कोची ही गाडी १९९४ साली बाजारात आली. कंपनीचे एके काळचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावातला 'सु' आणि इंग्रजीत लिहिलेल्या आडनावातला (Moolgaokar) 'मो' घेऊन तिचं नाव ठेवलं. मुळगावकर १९८९ मध्येच गेले होते. माळरानावर कारखान्याबरोबर झाडं लावणारा आणि तळं राखणारा माणूस, असं बाबा त्यांच्याबद्दल सांगतात. भक्कम चासी, मागे पाटे आणि कुठल्याही गावच्या मिस्त्रीला उघडता येईल असं इंजिन, एवढ्या भांडवलावर ही गाडी तवांगपासून स्पितीपर्यंत पोचली. ज्याला स्वतःची जीप परवडत नाही, त्याला एका सीटच्या भाड्यात गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, गाठता येऊ लागला. यात्रेच्या इतिहासात गाड्यांना कुणी जागा देत नाही. मला वाटतं, या गाडीला द्यायला हवी. २०१९ मध्ये नव्या सुरक्षा आणि प्रदूषण नियमांच्या तोंडावर तिचं उत्पादन थांबलं.

लोसर गाव सोडल्यावर चढ लागला. कुंझुम ला ही खिंड ४,५५१ मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत ६० टक्क्यांच्याही खाली असतो. डिझेल तेवढंच जातं, ते जाळायला हवा मात्र पुरत नाही. आमची गाडी बिनटर्बोची. काळा धूर ओकत ती पहिल्या गिअरमध्ये रांगत होती. ड्रायव्हरने एकदाही घाई केली नाही. बाबा पुढच्या सीटवर, डॅशबोर्डवर हात टेकून, इंजिनाची थरथर तळव्यावर घेत बसले होते.

खिंडीत चोर्तेन म्हणजे स्तूप, मंत्र छापलेल्या पताका आणि कुंझुम मातेचं छोटं देऊळ आहे. येणारी गाडी देवळाला वळसा घातल्याशिवाय पुढे जात नाही. आमचीही वळली. प्रदक्षिणा उजवी, त्यामुळे देऊळ ड्रायव्हरच्या बाजूला. त्याने एक हात स्टिअरिंगवरून काढून कपाळाला लावला. गाडी थांबली, सगळे पैसे वाहायला उतरले. बाबा सगळ्यांत शेवटी उतरले. वारा इतका होता की दार हातातून सुटत होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, हळूच लावलं आणि कान जवळ नेला.

"बसलं," ते म्हणाले, आणि देवळाकडे चालू लागले.