सुरुंगाची दारू आणि मातीतले जीव

मागच्या उन्हाळ्यात रिसोड तालुक्यातल्या एका मळ्यात नवी विहीर पाहायला गेलो होतो. काळा पाषाण फोडता फोडता शेवटी पन्नास फुटांवर झरा लागला, म्हणून घरातली मंडळी खुशीत होती. घरात तीन महिन्यांचे तान्हे, त्याला वरचे दूध चालू. आजीबाईंनी तांब्या पुढे केला आणि विचारले, "साहेब, सुरुंगाच्या दारूचा अंश असन यात. लेकराच्या दुधात घातलं तर चालन काय?"

बाईंची शंका खरी होती. सुरुंगाच्या दारूत मुख्य भाग अमोनियम नायट्रेटचा, म्हणजे नत्राच्या खताचाच एक भाऊबंद. सगळीच दारू जळत नाही. उरलेली खडकाच्या फटीत आणि काठावरच्या मलम्यात राहते आणि पाण्यात चटकन विरघळते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती त्याने कमी होते आणि बाळ निळे पडते. पाणी उकळूनही उपयोग नाही. पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते. मी बाळासाठी गावच्या नळाचे पाणी वापरायला सांगितले आणि बाटली तपासणीला नेली. नायट्रेट मर्यादेच्या वर निघाले.

आता गंमत पाहा. हेच नायट्रेट दलदलीच्या मातीत पडले असते, तर तिथल्या जिवाणूंनी संपवले असते. हवा नसली की हे जीव नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र हवेत सोडून देतात. पण त्यांना खायला कुजणारा पालापाचोळा लागतो. कोऱ्या पाषाणात तो कुठून येणार?

तोफगोळ्यांतली दारू याहून चिवट. टीएनटीच्या कड्याला नायट्रोचे तीन गट चिकटलेले असतात. जिवाणू ते एकेक करून बदलतात आणि उरलेला भाग मातीतल्या सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरून बसतो. आरडीएक्स मात्र मातीत थांबत नाही, पाण्याबरोबर खाली विहिरींकडे जाते. काही जिवाणू त्याचे कडे फोडून त्यातले नत्र खातात. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या युमाटिला येथे लष्कराने जुने गोळे धुतलेले पाणी खड्ड्यांत सोडले होते. तिथली विषारी माती १९९० नंतरच्या दशकात शेण, कोंबडीखत, लाकडाचा भुसा आणि बटाट्याचा कचरा मिसळून चक्क कंपोस्ट केली गेली. आपल्या उकिरड्याचीच विद्या म्हणायची!

समुद्रातही हेच चालते, पण सावकाश. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटले, त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. असा दारूगोळा गाळात बुडाला तर लोखंडी कवच गंजून फुटेपर्यंत जिवाणूंचा त्याला स्पर्शही होत नाही. म्हणूनच सांगतो, जिवाणू गोळा निकामी करीत नाहीत. ते फक्त मातीत मिसळलेला अंश पचवतात. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावला नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली.

हे सगळे ऐकून त्या घरच्या तरुणाने विचारले, मग विहिरीत दोन पाट्या शेण टाकू का? अजिबात नको! शेणातले रोगजंतू पोटात जातील आणि नायट्रेट उलट वाढेल. विहीर तीन-चार वेळा तळापर्यंत उपसा आणि ते पाणी पिकाला द्या, नत्र वाया जात नाही. मलमा काठावर ठेवू नका, पावसाने धुऊन पुन्हा आत येईल. उकिरडाही विहिरीपासून दूर हवा.

दिवाळीनंतर दुसरी बाटली भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत दिली. नायट्रेट मर्यादेच्या खाली आले होते. मलमा हलवताना मात्र मजुरांना त्यात न उडालेली एक कांडी सापडली, वायरीसकट. त्यांनी हात लावला नाही, पोरांना दूर केले आणि परवानाधारक सुरुंगवाल्याला बोलावले.